तळ्याकाठी झाकलेले डोळे

एकदा एका शिष्याने नको त्या माणसाचे डोळे झाकले. गोष्ट एवढीशीच आहे. पण तिने त्या बिचाऱ्याची झोप उडवली आणि एका व्यापाऱ्याची वाट बदलली, म्हणून सांगतो.

डोंगराच्या कुशीत एक तळे होते. काठावर देवीचे लहानसे देऊळ, आणि देवळामागे एका वृद्ध गुरूंचा आश्रम. थंडीच्या दिवसांत तिथे पहाटे इतके धुके उतरे, की तळे कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते ते समजत नसे. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात की ढगात, याचाही भरवसा नसे. अशा धुक्यात माणूस जागा असला तरी अर्धा स्वप्नातच असतो. आपल्या शिष्याची बाजू घेऊन एवढे तरी मला म्हणू द्या.

त्याचा जिवलग सहाध्यायी निळू गावाहून परतायचा होता. शिष्य पहाटे घाटावर आला, तर खालच्या पायरीवर डोक्यावरून शाल घेतलेली एक पाठमोरी आकृती. निळू नेहमी तिथेच बसे, अगदी तसाच, गुडघे पोटाशी घेऊन. शिष्याच्या अंगात एकदम लहानपण संचारले. चवड्यांवर चालत तो मागे गेला आणि दोन्ही तळव्यांनी त्याने ते डोळे घट्ट झाकले.

या खेळाचे नियम आपल्याला ठाऊक आहेत. झाकणाऱ्याने बोलायचे नाही, आणि बरोबर नाव येईपर्यंत हात काढायचे नाहीत. शिष्य हसू दाबून उभा राहिला. मग त्याच्या करंगळ्यांना मिशा लागल्या. चांगल्या भरघोस, पिळदार मिशा. निळूला तर अजून धड मिसरूडही फुटले नव्हते.

थंडीतही शिष्याला घाम सुटला. हात काढावेत तर सांगायचे काय, आणि न काढावेत तर उभे राहायचे किती वेळ? तो माणूस मात्र दचकला नाही, रागावलाही नाही. तो जागच्या जागी स्तब्ध झाला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुळा?"

शिष्याने हात तसेच धरून ठेवले.

"तुळाच ना रे? दुसरं कोण असं करील? लहानपणापासूनची तुझी ही खोड." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, आणि शिष्याचे तळवे ओले झाले.

तेव्हा मात्र शिष्याचा धीर सुटला. त्याने हात काढले आणि धूम ठोकली. मागून हाक येत राहिली, "तुळा, अरे थांब की!" पण धुके दाट होते, आणि पळणारा केव्हाच दिसेनासा झाला होता.

उन्हे वर आली तसा तो माणूस आश्रमात आला. तो हळदीचा व्यापारी होता, आसपासच्या गावांत मान असलेला. मुलीचे लग्न ठरले होते आणि पहिली अक्षत देवीला वाहायला तो आला होता. देवीनंतर अक्षत जाते ती भाऊबंदांकडे, आणि घोडे इथेच पेंड खात होते. धाकट्या भावाशी, तुळाजीशी, त्याचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. भांडण कशावरून जुंपले ते दोघांनाही धड सांगता आले नसते. पण आधी अबोला समोरच्याने धरला, हे मात्र दोघांनाही पक्के आठवत होते. भावाला अक्षत द्यायची नाही, असे ठरवूनच व्यापारी घरातून निघाला होता. आपल्याकडे लेकीच्या लग्नाची अक्षत सख्ख्या भावाच्या दारी गेली नाही, की नाते संपल्यातच जमा. मग ते एकमेकांचे सुतक पाळण्यापुरते उरते.

आणि आता तोच व्यापारी गुरूंसमोर बसून लहान मुलासारखा सांगत होता, "महाराज, माझा भाऊ इथं आलाय. पहाटे आला, माझे डोळे झाकले आणि लाजून पळाला. खालच्या गावातली धर्मशाळा पाहिली, बाजार पालथा घातला. तुमच्याकडे आला तर त्याला म्हणावं, दादा रागावलेला नाही. तो आपणहून आला, मग मी कशाला अडून बसू? त्याच्या हातात अक्षत दिल्याशिवाय मी आता इथून हलत नाही."

खांबाआड उभ्या असलेल्या शिष्याला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. दिवसभर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. दिवेलागणीला तो गुरूंच्या पायाशी येऊन बसला आणि त्याने सगळे सांगून टाकले.

"गुरुजी, आता करू काय? खरं सांगावं तर त्यांचा आलेला भाऊ पुन्हा जातो. न सांगावं तर ते इथं वाट पाहत बसणार, आणि तिकडे लग्न येऊन ठेपणार. मला त्यांची फार दया येते हो."

गुरूंनी त्याच्याकडे मिश्कीलपणे पाहिले. "दया किती आणि लाज किती? खरं सांग."

शिष्य जमिनीकडे पाहत म्हणाला, "लाजच जास्त आहे, गुरुजी."

"मग बरं आहे. दयेचं सोंग घेतलेली लाज जन्मभर पुरते. नुसती लाज लवकर उतरते. उद्या पहाटे माझ्याबरोबर घाटावर चल."

दुसऱ्या पहाटेही तसेच धुके होते. व्यापारी त्याच पायरीवर, मुद्दाम पाण्याकडे तोंड करून बसला होता. वाट पाहणाऱ्या माणसाची पाठसुद्धा ओळखू येते. शिष्याला वाटले, गुरुजी आता जवळ बसून सगळे समजावून सांगतील, आपण नुसते हात जोडायचे. पण गुरूंनी काठी शिष्याकडे दिली. खडावा काढल्या. ज्यांच्यासमोर गावचे पाटीलही आवाज चढवत नसत, ते वृद्ध सत्पुरुष अनवाणी पायांनी हळूहळू खाली उतरले आणि त्यांनी मागून त्या व्यापाऱ्याचे डोळे झाकले. शिष्य पाहतच राहिला. आपण अजून अंथरुणातच आहोत, असे त्याला क्षणभर वाटले.

"आलास, तुळा?" व्यापारी म्हणाला. "आज पळू नकोस बाबा."

गुरूंनी थोडा वेळ हात तसेच ठेवले, मग काढले. व्यापारी हसतच वळला, आणि ते हसू तोंडावरच थिजले. तो गडबडीने उठून उभा राहिला. "महाराज, आपण? ही कसली थट्टा म्हणायची?"

गुरू बाजूला सरकले. त्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्य काठी घेऊन खाली आला.

"कालचे हात माझे होते," तो म्हणाला. "मित्र समजून झाकले. चूक कळली तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून पळालो."

व्यापाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हणजे तो आलाच नव्हता," असे म्हणून त्याने शाल अंगाभोवती ओढून घेतली. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला. "बरं झालं. वेड्यासारखा बसलो होतो. त्याला माझी गरज नाही, तर मलाही त्याची नाही. येतो मी."

"बसा, शेटजी," गुरू म्हणाले. "एवढं ऐका आणि मग खुशाल जा. काल तुमच्या डोळ्यांवर या तरुणाचे मऊ हात होते. आज माझे, नुसती हाडं लागणारे. तुळाजींच्या हातांशी दोन्हींचा काही संबंध नाही. आणि तरी तुम्ही दोन्ही वेळा एकच नाव घेतलंत. आज तुम्ही त्यांची वाट पाहत होतात म्हणा, पण काल तर कोणाचीच पाहत नव्हतात. आम्ही फक्त हात ठेवले, नाव काही आम्ही सुचवलं नाही. घरची माणसं आहेत, मित्र आहेत, पेठेतली मंडळी आहेत, कोणाचंही नाव ओठांवर आलं असतं. उघड्या डोळ्यांनी तुम्ही इतकी वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाहीत, तोच डोळे झाकल्याबरोबर तुमच्यापुढे उभा राहिला. तो इथं आला नाही, हे खरं. पण तुमच्यातून तो गेलेलाही नाही, आणि हे मी सांगत नाही. तुम्हीच दोनदा सांगितलंत."

व्यापारी परत पायरीवर बसला. धुक्यातून कुठेतरी पाणकोंबडी ओरडत होती, पण ती दिसत नव्हती. त्याने शालीच्या पदराने डोळे पुसले, आणि मिशाही पुसल्या.

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "समजा मी गेलो. त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, डोळे झाकले. आणि त्याने दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं तर?"

मुलीच्या लग्नाच्या, व्यापाराच्या, साऱ्या चिंता एका बाजूला, आणि ही भीती एका बाजूला होती. इतकी वर्षे त्याला अडवले होते ते हिनेच.

"घेईल कदाचित," गुरू म्हणाले. "मग हात काढा, 'मी आहे' म्हणा, आणि तिथंच उभे राहा. माणूस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, शेटजी. चुकल्यावर तो पळून जातो, बिघडतं ते तिथं."

लेकी बोले, सुने लागे. शिष्याने मान खाली घातली.

व्यापारी उठला. देवळातून त्याने अक्षतांची पुरचुंडी घेतली, देवीला पुन्हा एकदा नमस्कार केला आणि घरची वाट सोडून तो डावीकडे, भावाच्या गावाकडे वळला. शिष्य तळ्याच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर गेला. निरोप घेताना म्हणाला, "काल मी थांबायला हवं होतं."

"हवंच होतं की," व्यापारी म्हणाला. "पण तुला काय बोलू? मी त्याच्या दारावरून कितीदा तरी असाच परत फिरलोय." आणि तो झपाझप चालू लागला. या खेपेला मात्र त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

आपणही आज घटकाभर डोळे मिटून बसावे. जे नाव सर्वांत आधी ओठांवर येईल, त्या घराची वाट आपल्याला ठाऊकच आहे.