घंटेच्या खिंडीतलं गवत

"दादा, आपण थांबायचं कुठं?"

दर साली घोडीवर संसार लादताना धुळा थोरल्या भावाला हेच विचारायचा, म्हणे. मायाप्पा नुसता हसायचा आणि पुढच्या मेंढ्याची घंटा हलवून चालू लागायचा.

घंटेच्या खिंडीत आज कंबरभर गवत डोलतं. शेजारून हजारो मेंढरं कोकणात उतरतात, पण त्या पट्ट्याला तोंड लावत नाहीत. का, ते खिंडीतला म्हातारा म्हाकू धनगर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मायाप्पाचा नेम होता, एका जागी तीन रात्री. चौथ्या सकाळी बिऱ्हाड हललंच पाहिजे. गवताचं मूळ राहिलं तरच परतायला वाट राहते, असं तो म्हणायचा. एका कार्तिकात ह्याच खिंडीत तो तापानं गेला. उतारावर त्याला माती दिली, वर दगड रचले. चौथ्या सकाळी सगळी बिऱ्हाडं उठली, धुळा उठेना. भाऊ इथं तर मीही इथंच, एवढंच बोलला. समजवायला आलेल्यांवर त्यानं काठी उगारली. मायाप्पाची बायको साळू तेवढी कडेवर लेकरू घेऊन धुळापायी मागं राहिली.

मेंढरांनी आधी शेंडे खाल्ले, मग बुडखे, मग खुरांनी उकरून मुळं. बाराव्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. उघडा पडलेला उतार चिखल होऊन वाहू लागला आणि मायाप्पावरचे दगड घरंगळत खाली आले. धुळा दोन्ही हातांनी माती अडवत बसला.

साळू म्हणाली, "भावजी, त्येंच्या अंगावरचं पांघरूण आपल्याच मेंढरांनी खाल्लं. आता तरी हला."

धुळानं दगड पुन्हा रचले आणि तो हलला.

पुढच्या कार्तिकात तो आला तेव्हा उतारावर विरळ गवत उगवलं होतं. तिथं टेकावं, एक रात्र, नुसती एक, असं त्याला फार वाटलं. तेवढ्यात पुढच्या मेंढ्यानं तिकडं मान वळवली.

आजही खिंड आली की धनगर पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सोडतो, हातानं वाजवत पुढं होतो आणि कळप आवाजामागं निघून जातो. पहिल्यांदा ती सोडली धुळानं. मेंढ्याची मान धरून त्यानं घंटा काढली आणि भाऊ वाजवायचा तशी वाजवत, मागं न बघता, घाट उतरला.