आप्पासाहेबांचा फोटो

जुन्या विमानतळावरच्या मोटारींच्या शर्यतीत हिरवा दिवा लागण्याआधी गाडी सुटली, की चालक बाद. नेमका दिवा लागण्याच्या क्षणभर आधी आयोजक आप्पासाहेबांच्या फोटोग्राफरनं फ्लॅश मारला. तोच दिवा समजून रेषेवरच्या चालकानं, रणधीरनं, क्लच सोडला आणि वर्षभराची मेहनत वाया गेली.

महिन्याभरापूर्वीच लग्न झालेली त्याची बायको मृणाल आप्पासाहेबांकडे गेली आणि फ्लॅशमुळे तो फसल्याचं तिनं सांगितलं.

“फ्लॅशनं कुणी फसतं होय, सूनबाई? नवऱ्याचे बहाणे आहेत हे.”

“असतीलही,” ती हळूच म्हणाली. “मग तुमचा पुढचा फोटो सुटायच्या बेतातल्या गाडीसमोर उभं राहून काढून घ्या, आप्पासाहेब. फ्लॅश असाच मारू दे.”

आप्पासाहेबांनी रेषेवर गुरगुरणाऱ्या पुढच्या गाडीकडे पाहिलं. “फ्लॅश बंद कर रे,” ते फोटोग्राफरला म्हणाले.

ती गाडी बिनचूक सुटली. रणधीर मात्र हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. बाद तो बादच.