भुंडा देव

पूर्वी दूर पश्चिमेच्या केल्ट देशात विंदोरिक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या ओकवनात देव होऊन जन्मले होते. देह माणसाचा, डोक्यावर मात्र सांबरासारखी फाटे फुटलेली शिंगे. लोक त्यांना कर्नुन्नोस म्हणत. कोल्हा, अस्वल, साप, सगळे त्यांच्या पायाशी निवांत बसत.

दर वसंतात सांबराची गळतात तशी देवाचीही शिंगे गळत. पण देव झाला म्हणून काय, लाज कुणाला सुटली आहे? नवी फुटेपर्यंत ते गुहेत दडून राहत. त्यामुळे त्यांना भुंडे असे कुणी पाहिलेच नव्हते.

एका वसंतात ती गळलेली शिंगे राजाला सापडली. तो घाबरला. कातू पुजारी म्हणाला, "महाराज, देव कोपला! रक्त दिल्याशिवाय शिंगे परत यायची नाहीत."

झाले! रान उठवून सांबरांचा सारा कळप कुंपणात कोंडला. बळीच्या खांबाकडे पहिली ओढली ती एक गाभण मादी.

तिचे ओरडणे गुहेत ऐकू आले. बोधिसत्त्व ताडकन उठले. 'असा भुंडा जाऊ? लोक हसतील,' असे मनात आले खरे. मग त्या विचाराचीच त्यांना शरम वाटली, आणि ते तसेच निघाले.

"तिला सोडा. तुमचा देव मीच आहे. मला रक्त नको."

लोक खो खो हसले. "अहो देवबाप्पा, शिंगे कुठे गहाण टाकून आलात?"

"मग तिच्याऐवजी मला घ्या," असे म्हणून त्यांनी खांबापाशी मान वाकवली.

"देवाची थट्टा करतोस?" राजा कडाडला. "घ्या यालाच!"

कातूने सुरी उचलली आणि डाव्या हाताने त्यांचे डोके दाबून धरले. केसांखाली दोन कोवळे, उबदार उंचवटे हाताला लागले. शिंगे फुटत होती. कातूची सुरी खाली पडली.

"महाराज, ज्याच्यासाठी बळी, त्याच्याच मानेवर मी सुरी धरली हो!"

राजा धाय मोकलून रडला. कुंपण त्याने स्वतःच्या हातांनी मोडले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका नव्या भिक्खूला सांगितली. मुंडण केलेले डोके घेऊन स्वतःच्या गावात भिक्षेला जायची त्याला लाज वाटत होती.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आपला भिक्खू वेळुक, कातू म्हणजे ज्येष्ठ भिक्खू तिंदुक, आणि तो भुंडा देव मी. ती मादी म्हणजे तुझी आई. दारात अन्न घेऊन ती तुझी वाट पाहते आहे. मानापमान बाजूला ठेवून जी करता येते, तिला करुणा म्हणतात. तेव्हा त्या मादीच्या पोटात तू होतास, बाळा."

भिक्खूने भिक्षापात्र उचलले आणि तो गावाची वाट चालू लागला.