घोडी, साजासकट

तळवणी संस्थानच्या रायाजीरावांना घोड्यांचा भारी शौक. त्यांच्या तबेल्यात मखमली झुली होत्या आणि एखादा घोडा शिंकला तर राजवैद्य धावत येई. शिलंगणाच्या मिरवणुकीत नव्या घोडीने महाराजांना भर चौकात खाली आपटलं, तरी दुसऱ्या दिवशी तिचा खुराक वाढलाच.

दरबारात गाणाऱ्या गोदूबाईंचा तंबोरा तडकला, तेव्हा मात्र महाराजांना काटकसर आठवली. "सूर गळ्यात असतो, बाई. भोपळ्यावर कसला खर्च करायचा?"

गोदूबाई मुजरा करून परतल्या. आठवड्याने भरल्या दरबारात त्या म्हणाल्या, "महाराज, माझी घोडी पार झिजली. पाठीवर खाचा पडल्यात. नवी मिळाली तर उपकार होतील."

महाराजांचा जीव कळवळला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? घोडीच्या बाबतीत हात आखडणारा माणूस मला दारात नको. खजिनदार, बाईंना हवी ती घोडी घेऊन द्या. आणि नुसती नको, चांगली साजासकट द्या."

पुढच्या बैठकीला गोदूबाई मिरजेचा नवाकोरा तंबोरा घेऊन आल्या.

"घोडी कुठाय?" महाराजांनी विचारलं.

बाईंनी तारांखालच्या हस्तिदंती पट्टीवर बोट ठेवलं. "तंबोऱ्यात हिलाच घोडी म्हणतात. बाकीचा हा साज, हुकुमाप्रमाणे."

दरबार मिशीत हसू लागला. महाराज तडकून म्हणाले, "आणि ही तुमची घोडी धावते तरी का?"

"धावत नाही, महाराज," तारा जुळवत बाई म्हणाल्या. "पण हिच्यावर बसलेला सूर भर चौकातसुद्धा पडत नाही."