बर्फाच्या पेटीचा वास

"बाबा, वास घालवायचा कसा, तेवढं सांगा."

लतीफबाबांनी मान वर केली नाही. दर्ग्याच्या पायरीवर बसून ते फाटक्या गोधडीला टाके घालत होते.

"कसला वास?"

"या पेटीतला."

तन्मय ढमढेरेनं डोक्यावरची पेटी खाली ठेवली. मोठी, निळी, चाकांची, परदेशी बनावटीची. पाहुण्यांसाठी मांस, मासे, सरबतं बर्फात घालून ठेवायची ती पेटी. टेकडीच्या पायवाटेवर चाकं कुठली चालायला? बिचारा ती डोक्यावर घेऊन धापा टाकत वर आला होता. झाकण घट्ट बसलेलं होतं, तरी वास त्याच्याबरोबर वरपर्यंत आला.

खाली धरणाच्या काठावर तन्मयचा कॅम्प होता. तंबू, शेकोटी, निखाऱ्यावरचं चिकन आणि सकाळी कांदेपोहे. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून त्यानं तो उभा केला होता. स्वच्छतेचं तर त्याला वेडच. हातमोजे घातल्याशिवाय त्याच्याकडे कुणी कांदाही चिरायचा नाही, आणि हे तो प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगायचा.

संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन तो या दर्ग्यावर यायचा. सूर्यास्त दाखवायचा, "हे माझे गुरू" म्हणायचा आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा. बाबांनी त्याला शिष्य केल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हतं. खुद्द बाबांच्याही नव्हतं.

"काय काय केलंस?"

"काय करायचं ठेवलंय? खायचा सोडा झाला, लिंबू झालं, व्हिनेगर झालं. कोळसा ठेवला, वर्तमानपत्रं कोंबली. कॉफीची पूड भरली, तर आता कॉफी प्यायचीच शिसारी बसली. उदबत्त्या लावल्या. शेवटी अंगाला मारायचं सेंट अख्खं ओतलं."

"मग?"

"मग काय... सेंट लावलेला वास."

बाबा हसले नाहीत. दोरा दातानं तोडून त्यांनी दुसरा ओवायला घेतला.

"एवढी घाई कशापायी?"

"उद्या सकाळी साहेब येणार आहेत. अन्न तपासणारे."

"का बरं?"

तन्मयनं इकडेतिकडे पाहिलं. दर्ग्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"शनिवारच्या पाहुण्यांतली एक मुलगी आजारी पडलीय. शर्वी. लहान आहे, दुसरीत असेल. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलंय. पण ते पाण्यानं झालंय बाबा. पोरं धरणात डुंबतात, पाणी पोटात जातं. मी डॉक्टरांना तसंच सांगितलंय."

"बरं."

"पण उद्या पेटीला वास आला, तर माझं कोण ऐकून घेणार? कॅम्प बंद करतील. सगळं यात घातलंय मी."

बाबांनी सुई गोधडीत खोचली. उठले, पेटीजवळ आले आणि झाकण उघडलं.

तन्मय चार पावलं मागं सरकला. नाकावर रुमाल धरूनही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बाबांनी काय करावं? गुडघे टेकले, वाकले आणि दाढीसकट अख्खं डोकं पेटीत घातलं.

तन्मय बघतच राहिला.

"कोंबडी," आतून आवाज आला.

"...हो."

बाबांनी डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावरची एक रेघ हललेली नव्हती.

"बर्फाचं पाणी हुतं, ते यातनं कुठनं जातं?"

"खाली बूच आहे ना. मागच्या बाजूला. पण मी पेटी पालथीच करतो, बूच कशाला..."

तन्मय मध्येच थांबला.

त्यानं पेटी वळवली. खालच्या कोपऱ्यातलं रबराचं बूच दोन्ही हातांनी पिळून ओढलं. बूच सुटलं आणि त्यामागून काळपट, बुळबुळीत असं काहीतरी त्याच्या बोटांवर आलं. कातडीचा तुकडा, चरबी आणि कुजलेला मसाला. गेले सगळे दिवस तो पेटी घासत होता, चाटून खाता येईल इतकी चकचकीत करत होता, आणि हे नळीत बसून होतं.

तो दर्ग्यामागं पळाला. ओकून परत आला तेव्हा पांढराफटक पडला होता.

बाबांनी चुलीकडे बोट केलं. तिथं राख होती, मडक्यात पाणी होतं. तन्मयनं काडीनं नळी कोरून काढली, बूच घासलं, झाकणाच्या कडेची रबरी पट्टी ओढून तिच्याखालीही राख चोळली. पाणी तापवून ओतलं, पुन्हा तापवून ओतलं. हातमोज्यांची आठवणही त्याला झाली नाही.

"झाकण लावू?"

"आजवर लावूनच ठेवलंस न्हवं?"

तन्मयनं पेटी उघडीच ठेवली. टेकडीवर वारा चांगला होता. दोघं पायरीवर बसले. बाबा टाके घालू लागले.

तेवढ्यात तन्मयचा फोन वाजला. नाव वाचून तो उभा राहिला.

"बोला मोकाशी साहेब. शर्वी कशी आहे?"

पलीकडून शर्वीचे वडील बोलत होते. त्यांचा आवाज थकलेला होता, तरी बाबांनाही ऐकू येत होता.

"ताप उतरत नाहीये हो. लघवीपण कमी झालीय. आज तिनं डोळेच उघडले नाहीत नीट. डॉक्टर पुन्हा विचारतायत, खाण्यात काही आलं होतं का? शिळं, खराब झालेलं..."

"छे हो. सगळं त्या दिवसाचंच होतं. ताजं. मी स्वतः बघतो ना. पाणीच बाधलं असणार."

"नक्की ना?"

"अगदी नक्की. काळजी घ्या, काही लागलं तर सांगा."

त्यानं फोन खिशात ठेवला. बाबांची सुई थांबलेली होती. मग ती पुन्हा चालू लागली.

बाबा काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं तन्मयला वाटलं. त्यांनी निदान कुणाचा फोन म्हणून विचारायला हवं होतं. त्यांनी तेही विचारलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तशी पेटी खडखडीत वाळली. तन्मय भीत भीत जवळ गेला. आधी लांबूनच हुंगलं, मग जवळून. मग बाबांसारखंच डोकं आत घातलं.

काही नाही.

पुन्हा घातलं. नळीला नाक लावलं, बूच हुंगलं. राखेचा बारीकसा वास येत होता, बस्स. बाकी काही नाही.

"गेला बाबा. पार गेला."

त्याला हसू फुटलं. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. धावत येऊन त्यानं बाबांचे पाय धरले.

"उगाच नाही मी तुम्हाला गुरू म्हणत. आता येऊ देत उद्या कुणाला यायचं ते. थांबा, पेटीबरोबर एक फोटो काढू तुमचा."

"नीट बघितलंस? वास न्हाई?"

"शप्पथ नाही."

"मग जेवू चल. भूक लागलीया."

बाबा आत गेले. वाडीवरून कुणीतरी दिलेली भाकरी आणि दह्याचं गाडगं घेऊन आले. तन्मयला वाटलं, आता थाळी काढतील. बाबांनी थाळी काढली नाही. ते पेटीपुढं मांडी घालून बसले आणि भाकरी तिच्या पांढऱ्या तळावर कुस्करू लागले.

तन्मयच्या हातातला फोन तसाच राहिला.

कुस्करलेल्या भाकरीवर बाबांनी दही ओतलं. चिमूटभर मीठ टाकलं. पेटीतच हातानं सगळं कालवलं, चांगलं तळाला, कोपऱ्याला पुसून घेत कालवलं.

बाबांनी घास केला. बिस्मिल्ला म्हटलं आणि हात तोंडाकडे नेला.

मधलं अंतर कसं कापलं ते तन्मयला पुढं कधीच सांगता आलं नाही. तो बाबांवर जवळजवळ पडलाच. दोन्ही हातांनी त्यानं त्यांचं मनगट पकडलं. दही गोधडीवर सांडलं.

"नको बाबा. यातलं खाऊ नका."

"का?"

"नका खाऊ म्हणतो ना."

"वास तर गेला."

"वास गेला म्हणून काय झालं? आत काय होतं ते मला माहितीय."

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. हे वाक्य आपण बोललो यावर त्याचा विश्वास बसेना. पण टेकडीवर तिसरं कुणी नव्हतं.

बाबांचा घास ओठांपाशी तसाच होता.

"काय हुतं?"

तन्मय उघड्या पेटीकडे बघू लागला.

"सांग की."

"चिकन सकाळी घेतलं होतं. बर्फ कमी पडला. वाटेत दुसरी कामं निघाली, गाडी दुपारभर उन्हात उभी होती." तन्मय खाली बघून बोलत होता. "संध्याकाळी झाकण उघडलं आणि वास आला... तेव्हाच आला होता बाबा. नंतर नाही. तेव्हाच."

"मग?"

"पाहुणे येऊन बसले होते. निखारे तयार होते. त्यांना आता काय घालू? लिंबू जास्त पिळलं. मसाला जास्त चोळला. म्हटलं, आगीत सगळं मरतं. मोठी माणसं गप्पांत होती, त्यांनी थोडं थोडं खाल्लं. दोघातिघांची पोटं बिघडली, बरी झाली. पण शर्वीला ते आवडलं. म्हणाली, काका, मला अजून एक. मीच चिमट्यानं उचलून तिच्या ताटलीत ठेवलं."

वाऱ्यानं पेटीचं झाकण हललं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"तू खाल्लंस?"

तन्मयनं मान खाली घातली.

"...नाही."

त्या एका शब्दानं तन्मयच्या अंगावर काटा आला होता. शनिवारपासून त्यानं हे सारं पाण्यावर ढकललं होतं. इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यालाही ते जवळजवळ खरं वाटू लागलं होतं. आपण त्या रात्री जेवलोच नाही, हे त्यानं स्वतःलासुद्धा आठवू दिलं नव्हतं.

त्यानं बाबांचं मनगट सोडलं. दह्यानं बरबटलेल्या हातानंच फोन काढला.

"मोकाशी साहेब... मी खोटं बोललो. चिकन खराब होतं. मला वास आला होता. तरी मी वाढलं."

शिव्या येतील म्हणून तन्मयनं डोळे मिटून घेतले, पण शिव्या आल्या नाहीत. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, धावत्या पावलांचा आवाज आला आणि मग एका बाईंचा करडा आवाज.

"मी डॉक्टर बोलतेय. मांस किती वेळ उन्हात होतं? आतून नीट शिजलं होतं का? कुठून आणलं होतं?"

त्यानं एकेक करून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हिशेब चुकला तिथं मागं येऊन पुन्हा सांगितलं.

"आम्ही दुसऱ्याच वाटेनं चाललो होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही." आणि फोन बंद झाला.

तन्मयला रडू आलं. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत पुसत तो मनसोक्त रडला. रडून झाल्यावर त्यानं खोल श्वास घेतला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वारा नाकाला गोड लागला.

"सांगून टाकलं बाबा," तो म्हणाला. "सगळं. उद्या साहेबांनाही सांगेन. कॅम्प गेला तर जाऊ दे. मोकळं वाटतंय आता."

आणि त्यानं शाबासकीच्या आशेनं वर पाहिलं.

बाबा आपलं मनगट चोळत होते. म्हाताऱ्या कातडीवर तन्मयच्या बोटांचे लाल वळ उमटले होते. ते वळ त्यांनी उन्हात धरून नीट पाहिले.

"माझ्या वेळेला केवढा चपळ झाला तुझा हात..." बाबा म्हणाले. "पोरीच्या वेळेला कुठं हुता?"