घाटात कापलेला दोर

पूर्वी प्रतिष्ठान नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सार्थवाह होते. व्यापाऱ्यांच्या गाड्यांचा तांडा घाट उतरवून ते बंदरापर्यंत नेत.

त्यांच्या तांड्यात नंदील गाडीवान होता आणि त्याची बायको चित्रा. चित्रा म्हणजे काळजीची पुतळी. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागे ओंडका बांधीत. त्याची गाठ ती पुन्हापुन्हा चाचपी, आणि तरी आपलेच काही चुकले असेल असे तिला वाटे.

एकदा गाठ टिकली, दोरच तुटला. गाडी सुटली. खाली वळणावर बाकीच्या गाड्या दाटून उभ्या होत्या, आणि अगदी मागच्या गाडीत चित्राचे तान्हे निजले होते.

"माल सोडा, गठ्ठ्यांचा दोर कापा," ती ओरडली.

नंदीलने कोयता घातला. रेशमाचे गठ्ठे दरीत गेले. हलकी झालेली गाडी बैलांनी मानेवर तोलून धरली.

रेशमाचा मालक धनगुप्त पुढे आला आणि त्याने जुवावर हात ठेवला. "रीत आहे. माल टाकला की गाडीवानाचे बैल मालाच्या मालकाचे."

नंदील जू सोडू लागला. बैलांवरच त्यांचे पोट होते.

चित्रा सार्थवाहांना म्हणाली, "दादा, ओरडले मी. खरं सांगते, तांडा मला दिसलाच नाही. पोर तेवढं दिसलं."

"ऐका. म्हणजे माझं रेशीम हिच्या पोरापायी गेलं."

"पोराच्या गाडीपुढं आमचं तूपही होतं, श्रेष्ठी," मागून कोणी व्यापारी पुटपुटला.

बोधिसत्त्व म्हणाले, "हिचं मन कुठं होतं ते राहू दे. गाडी कुणावर चालली होती? एकाचा माल गेला म्हणून सगळ्यांचा राहिला. मग तूट एकट्याची कशी? आणि श्रेष्ठी, तुमच्या दोन गाड्या खालीच होत्या. तुमचाही वाटा तुम्ही सोसा."

मग त्यांनी धनगुप्ताच्या भरपाईत आपला वाटा म्हणून चंदनाचा भारा उचलून त्या रिकाम्या गाडीत ठेवला. मागोमाग इतरांचे तुपाचे घडे आले, मिठाची पोती आली. धनगुप्ताने जुवावरचा हात काढला. चित्रा बघतच राहिली; समोरचा कडाही तिला त्या भरत्या गाडीपुढे ठेंगणा वाटला.

निघताना नव्या दोराची गाठ तिने एकदाच चाचपली. मग आणखी एकदा.

ही कथा संपवून शास्ते, म्हणजे संघाचे गुरू, समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तो धनगुप्त म्हणजे आज भिक्षेतला अर्धा घास शेजाऱ्याला देणारा भिक्षू उत्तिय. नंदील म्हणजे हा भिक्षू सोणक. चित्रा म्हणजे, आपल्या हातून काहीच चांगले झाले नाही असे समजून मागे बसलेली ही भिक्षुणी रोहिका. सार्थवाह मी होतो. दुसऱ्याची तूट आपल्या गाडीत घेणे, यालाच संविभाग म्हणतात."