उघड्या दाराची अळणी आमटी

फार फार वर्षांमागची गोष्ट. लहानांनी एकदा ऐकावी, मोठ्यांनी दोनदा. रुसायची खोड मोठ्यांनाच जास्त असते.

एका मुलखात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. तिथे पावसानं पाठ फिरवली, कापूस पिकेना, माग बंद पडला. शेवटी दोघांनी माग सुटा करून बैलगाडीत घातला आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या राज्यात बिऱ्हाड थाटलं. विणकरीण तेव्हा पोटुशी होती.

नव्या गावात बोली जवळपास तीच होती, हेल तेवढा वेगळा. पहिल्याच सकाळी विणकरणीनं अंगण झाडलं, सडा घातला, रांगोळी काढली आणि दार सताड उघडून ठेवलं. तिच्या माहेरी-सासरी दिवसा दार लावणं म्हणजे अवलक्षण. मग लक्ष्मीनं यायचं कुठून?

पण आळीत पाहते तर काय, एकूण एक दार बंद. लख्ख उन्हात! ती हबकलीच.

"अहो, गावात पटकी-बिटकी तर आली नाही ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काहीतरीच तुझं," तो म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

दुपारी समोरच्या घरातली एक लग्नाच्या वयाची मुलगी आली. तिनं उंबऱ्याबाहेर आमटीचं झाकलेलं वाडगं आणि भाकरी ठेवली, खाली मान घालून हात जोडले आणि वळली.

"अगं, ये ना आत. बस घटकाभर," विणकरीण म्हणाली.

मुलगी एक शब्द न बोलता निघून गेली. विणकरणीनं आमटीचा घास घेतला आणि तिचा हात थांबला. आमटीत मिठाचा कणही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचं वाडगं आलं. तेही अळणीच. मग तिसऱ्या घरचं. एखादीच्या हातून मीठ राहून जातं, हे कुणीही समजू शकतं. पण सबंध आळीला एकदमच विसर पडावा?

"विसरबिसर काही नाही," विणकरीण म्हणाली. "खाल्ल्या मिठाला माणूस जागतो ना? यांना आपलं नातंच नकोय. म्हणून भिकाऱ्यासारखं बाहेर वाढतात आणि मीठ तेवढं राखून ठेवतात."

"अगं, एकदा विचारून तर बघ."

"मी विचारू? त्यांना तोंड दिलं नाही का देवानं?"

झालं! तिनं मनाशी गाठ मारली ती मारलीच. माग घरातच मांडला होता, पण गिऱ्हाईक अंगणापर्यंत येई, उघडं दार पाहून हात जोडी आणि परत फिरे. पोरं खेळत खेळत त्यांच्या घरासमोर आली की गप्प होऊन पुढे जात. अख्ख्या आळीत कधी ढोल वाजला नाही की कुणाच्या घरून हसण्याचा आवाज आला नाही. कसली ही माणसं, असं तिला वाटे. या थिजलेल्या आळीत आपल्या पोटातल्या जिवाला आपण कसं आणून सोडलं, या विचारानं तिला जेवण जाईनासं झालं.

दिवस भरत आले. बाळंतपणाला कुणीतरी बाईमाणूस हवं. जी बाई उंबरा ओलांडत नाही, ती बाळ झेलायला कशी येणार?

"मला परत न्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"या अवस्थेत डोंगर चढशील? वाटेत काही झालं तर तू तरी राहशील का मला?"

"इथं राहून तरी कोण आहे माझं?"

विणकर उठून बैलांना वैरण घालायला गेला. तो गेल्यावर ती गाठोडं बांधू लागली. तेवढ्यात समोरची मुलगी वाडगं घेऊन येताना दिसली. विणकरणीचं डोकं फिरलं. तिनं उठून भर दुपारी, मुलीच्या तोंडावर, धाडकन दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि कडी धरून तिथंच रडत उभी राहिली.

डोळे पुसून होतात न होतात, तोच दारावर थाप पडली. मग दुसरी. बाहेर बोलणं, बांगड्यांचे आवाज. तिनं घाबरत दार किलकिलं केलं. अंगणात सगळी आळी लोटली होती. सर्वांत पुढे एक म्हातारी होती, समोरच्या मुलीची आजी.

"लावलंस ना पोरी दार? बरं केलंस," म्हातारी म्हणाली आणि सरळ आत येऊन तिला जवळ घेतलं. "आता सांग, कोण गेलं होतं तुझं?"

"गेलं? कुठं?"

"अगं, आमच्याकडे घरात मरण झालं की दार उघडं ठेवतात. मन सावरेपर्यंत घरच्यांनी ते दिवसा लावायचं नाही. तोवर शेजाऱ्यांनी अळणी रांधून आणायचं आणि दुखऱ्या माणसाला बोलायला लावायचं नाही. तुझं दार तर मिटेचना. एवढं मोठं दुःख कुणाचं, म्हणून आम्ही रोज हळहळत होतो."

विणकरणीच्या पायांखालची जमीनच सरकली.

"आजी, आमच्यात कुणीच गेलं नाही. आमच्याकडे दार उघडं ठेवतात ते... या म्हणून."

आता थक्क व्हायची पाळी आळीची होती. मागून एक बाई हळूच म्हणाली, "म्हणजे हिचं लग्न आपण उगाचच अडवून धरलं."

"कुणाचं लग्न?" विणकरणीनं विचारलं.

"माझ्या नातीचं," म्हातारी म्हणाली. "आळीत एक दार उघडं असलं की आम्ही मांडव घालत नाही. मुलाकडची माणसं किती वाट बघणार? मोडतं की काय अशी पाळी आली होती. पण पोर म्हणाली, त्यांचं दुःख मोठं आहे, थांबू या."

मुलगी अजून वाडगं धरूनच उभी होती. याच मुलीच्या तोंडावर आपण दार आपटलं, हे आठवून विणकरणीला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनात शिव्या घातल्या त्या आपण, आणि आपल्यासाठी झुरत होती ती ही परकी पोर.

ती मुलीपुढे गेली आणि पदर पसरून म्हणाली, "मला चिमूटभर मीठ देशील?"

मुलगी पहिल्यांदाच हसली आणि घराकडे पळाली.

म्हातारी मात्र खाली बघत म्हणाली, "चुकलं आमचंही. आम्ही तरी एकदा विचारायला हवं होतं."

त्याच आठवड्यात आळीत ढोल वाजले. नवरीच्या अंगावर विणकरणीच्या मागावरचं लुगडं होतं. आणि मांडवातच विणकरणीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला आत न्यायला वऱ्हाडातल्या इतक्या बायका धावल्या, की म्हातारीला त्यांतल्या निम्म्या बाहेर काढाव्या लागल्या.

तात्पर्य : परक्या मुलखात आपल्या घरच्या मापानं माणसं मोजू नयेत, आधी विचारावं, मग रुसावं.